डिस्कवरून संगणकावर : उतरवलेल्या फायलींची नावे

डीव्हीडी किंवा व्हीसीडीवरील चित्रपट, नाटक, मालिका अथवा घरगुती समारंभाचे चित्रण संगणकाच्या हार्ड डिस्कवर फाइलच्या रूपात उतरवून घेण्याच्या क्रियेला रिपिंग असे म्हणतात. या क्रियेतील बहुतेक काम सॉफ्टवेअर आपोआप करते : डिस्क वाचणे, तिच्यावरील दृश्य आणि ध्वनी वेगळे काढणे, आवश्यक असल्यास ते नव्या पद्धतीने संकुचित करणे आणि शेवटी त्यांची एक फाइल बांधणे. तयार झालेल्या फाइलला नाव देण्याचा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो, आणि नेमका तोच सर्वांत कमी विचार करून घेतला जातो. संग्रहात दहा-वीस फायली असेपर्यंत या घाईचे परिणाम जाणवत नाहीत; पण त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली, संगणक बदलला किंवा संग्रह घरातील पुढच्या पिढीच्या हाती गेला, की कोणती फाइल कशाची आहे हे उघडून न पाहता सांगणारा एकच पुरावा उरतो, तो म्हणजे तिचे नाव. म्हणून फाइलला नाव देणे ही ग्रंथालयातील तालिकेत नोंद करण्यासारखी जबाबदारीची कृती मानली पाहिजे, आणि त्या नोंदीचे नियम पहिली डिस्क उतरवण्यापूर्वीच ठरवले पाहिजेत.

डिस्कवरील नावे प्लेअरसाठी असतात

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आली आणि जगातल्या कोणत्याही कंपनीच्या प्लेअरला कोणतीही डिस्क वाचता यावी यासाठी तिची अंतर्गत रचना आधीच काटेकोरपणे ठरवून दिली गेली. अशी डिस्क संगणकात उघडली, की ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत नावे दिलेल्या तीन प्रकारच्या फायली आढळतात. आयएफओ या फाइलमध्ये कोणता भाग कोठे सुरू होतो, ध्वनिपट्टे किती आणि उपशीर्षके कोणत्या भाषांत आहेत ही माहिती असते; बीयूपी ही तिचीच राखीव प्रत असून मूळ माहितीवर ओरखडा पडला तर ती उपयोगी पडते; आणि व्हीओबी या फाइलमध्ये प्रत्यक्ष दृश्य, ध्वनी व उपशीर्षके एकमेकांत गुंफून साठवलेली असतात.

‘व्हीटीएस_०१_१.व्हीओबी’ हे नाव उदाहरणादाखल सुटे करून पाहिले, तर त्यामागचा हेतू स्पष्ट होतो. त्यातील पहिली तीन अक्षरे ‘व्हिडिओ टायटल सेट’, म्हणजे एकत्र ठेवलेल्या चित्रणांचा संच, असे सांगतात. त्यानंतरचे दोन अंक संचाचा क्रमांक दाखवतात, जो ९९ पर्यंत जाऊ शकतो. आणि शेवटचा अंक त्या संचातील तुकड्याचा क्रमांक असतो, त्यात शून्य हा मेनूसाठी राखून ठेवलेला असतो. कोणतीही व्हीओबी फाइल एक गिगाबाइटहून मोठी असू नये असा नियम असल्यामुळे साडेचार गिगाबाइटचा चित्रपट पाच फायलींत विभागला जातो, त्यांपैकी पहिल्या चार पूर्ण भरलेल्या आणि पाचवी अर्धी असते. ही विभागणी केवळ आकारमानावर ठरत असल्याने ती संवादाच्या अथवा गाण्याच्या मध्येही पडू शकते. म्हणून या फायली एकेक करून उचलणे आणि त्यांना वेगवेगळी नावे देणे ही पद्धतच चुकीची आहे. रिपिंगच्या सॉफ्टवेअरने आयएफओमधील माहिती वाचून सलग चित्रपट बाहेर काढावा आणि नाव त्या सलग फाइलला द्यावे.

व्हीसीडीची अडचण याहून वेगळी आहे. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ साली निश्चित केलेल्या या प्रकारात चित्रण ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये ‘एव्हीएसईक्यू०१.डीएटी’ अशा नावाने ठेवलेले असते. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते, त्यामुळे एक चित्रपट किंवा तीन अंकी नाटक दोन अथवा तीन डिस्कवर विभागून विकले जाई, आणि यांतील प्रत्येक डिस्कवर मुख्य फाइलचे नाव बहुधा तेच असे. पहिल्या डिस्कवरील फाइल एका फोल्डरमध्ये उतरवल्यानंतर दुसरीवरील फाइलही त्याच फोल्डरमध्ये टाकू गेल्यास संगणक ‘या नावाची फाइल आधीच आहे, ती बदलायची का’ असे विचारतो, आणि सवयीने होकार दिला तर पूर्वार्ध पुसला जाऊन केवळ उत्तरार्ध उरतो. यावर उपाय एकच : पहिली डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमधून बाहेर काढण्यापूर्वी तिच्या फाइलला कायमचे नाव देऊन मगच दुसरी डिस्क आत घालावी.

२००६ साली आलेल्या ब्लू-रे डिस्कवरही हेच तत्त्व दिसते. तिच्या ‘बीडीएमव्ही’ फोल्डरमधील चित्रणांना पाच अंकी क्रमांकांपलीकडे नावच नसते. डिस्कला स्वतःचे एक शीर्षक असते खरे, परंतु सीडी-डीव्हीडीसाठी वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ९६६० या प्रमाणानुसार ते जास्तीत जास्त ३२ चिन्हांचे, रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढ्यांपुरतेच मर्यादित असते. शिवाय अनेक उत्पादक तेथे ‘डीव्हीडी_व्हिडिओ’ यासारखे काहीही न सांगणारे शीर्षक ठेवून देतात. एकूण, डिस्कवरील प्रत्येक नाव यंत्राला वाट दाखवण्यासाठी असते, आणि प्रेक्षकाला हवी असलेली ओळख मात्र वेष्टनावर, डिस्कच्या पृष्ठभागावर आणि मेनूच्या चित्रात असते. रिपिंगमध्ये नेमक्या याच तीन गोष्टी मागे राहतात. सॉफ्टवेअर आपल्या परीने ‘टायटल’ आणि पुढे क्रमांक असे नाव देऊन मोकळे होते. ओळख परत जोडण्याचे काम डिस्क आणि वेष्टन हाताशी असतानाच करावे लागते.

कायद्याची चौकट

नावांच्या नियमांकडे वळण्यापूर्वी एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाजारात विकल्या गेलेल्या बहुतेक चित्रपट-डीव्हीडींवर कॉन्टेंट स्क्रॅम्बल सिस्टिम हे कुलूप असते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण भेदणे हा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. म्हणून उतरवलेल्या प्रती वाटणे, विकणे किंवा महाजालावर चढवणे हे या प्रकरणाच्या कक्षेबाहेरचे आहे. घरी चित्रित केलेल्या समारंभांच्या डिस्कवर सहसा असे कुलूप नसते.

कृती आणि तिच्या प्रती

नामकरणाचा पाया कृती आणि प्रत यांतील फरकावर उभा आहे. कृती म्हणजे चित्रपट किंवा नाटक ही निर्मिती, आणि प्रत म्हणजे त्या निर्मितीची विशिष्ट फाइल. नाव प्रथम कृती ओळखू येईल असे हवे आणि गरज पडली तरच प्रतींतील भेद सांगणारे हवे. कृती ओळखण्यास केवळ शीर्षक पुरत नाही, याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’ : आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ सालचा आहे आणि त्याच नावाचा दुसरा चित्रपट २०२३ साली प्रदर्शित झाला. शीर्षकानंतर कंसात प्रदर्शनाचे वर्ष लिहिले, की हा प्रश्न सुटतो. प्लेक्स, जेलीफिन आणि कोडी या घरगुती संग्रह दाखवणाऱ्या प्रचलित प्रोग्रामांनीही हीच पद्धत स्वीकारलेली आहे. ‘श्यामची आई (१९५३)’ या नावाचा फोल्डर आणि त्यात त्याच नावाची फाइल ठेवली, की ते महाजालावरील चित्रपटसूचीतून भित्तिचित्र, कलाकार आणि कथासार शोधून आणण्याचा प्रयत्न करतात.

मराठी चित्रपटांच्या बाबतीत मात्र शीर्षक आणि वर्ष हे दोन्हीही काही वेळा अपुरे ठरतात. प्रभात फिल्म कंपनी एकच कथा मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करीत असे. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) या जोड्यांची शीर्षके निराळी असल्याने त्यांच्यात गोंधळ होत नाही, पण व्ही. शांताराम यांचा १९३४ सालचा ‘अमृतमंथन’ दोन्ही भाषांत याच नावाने आला. येथे ‘अमृतमंथन (१९३४) मराठी’ आणि ‘अमृतमंथन (१९३४) हिंदी’ असे लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण या दोन स्वतंत्र निर्मिती आहेत. एकाच चित्रपटावर दोन भाषांचे ध्वनिपट्टे चढवलेले नाहीत. जेथे खरोखर एकाच दृश्यावर दोन ध्वनिपट्टे असतात, तेथे भाषा नावात घालण्याऐवजी दोन्ही पट्टे एकाच फाइलमध्ये ठेवणे योग्य. २००२ सालापासून विकसित झालेले मात्रोस्का, म्हणजेच एमकेव्ही हे फाइलस्वरूप त्यासाठी सोयीचे आहे, कारण त्यात अनेक ध्वनिपट्टे, उपशीर्षके आणि प्रकरणांच्या खुणा एकत्र राहतात.

दोन डिस्कवरील चित्रपट शक्यतो जोडून एकच फाइल करावी. ते शक्य नसेल तर दोन्ही फायलींचे नाव अक्षरशः एक ठेवून शेवटी केवळ ‘पार्ट१’ आणि ‘पार्ट२’ हा फरक रोमन लिपीत करावा. वर सांगितलेले तिन्ही प्रोग्राम ही खूण ओळखतात आणि दोन तुकडे एक चित्रपट म्हणून दाखवू शकतात. ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ हे शब्द माणसाला कळत असले, तरी त्या प्रोग्रामांना दोन वेगळे चित्रपट वाटतात.

मालिका आणि क्रम

मालिकेच्या डिस्कवर प्रश्न ओळखीपेक्षा क्रमाचा असतो. एका डीव्हीडीवर चार भाग असतील, तर सॉफ्टवेअरला बहुधा पाच शीर्षके दिसतात : चार सुटे भाग आणि ‘सर्व भाग सलग पाहा’ या मेनूतील पर्यायासाठी केलेली पाचवी सलग मालिका, जी डिस्कवर वेगळी साठवलेली नसून त्याच चित्रणाकडे नेणारी केवळ दुसरी वाट असते. पाचवे शीर्षक त्याच्या चौपट कालावधीवरून ओळखून वगळावे. उरलेल्या चारांचा क्रमही गृहीत धरता येत नाही, कारण डिस्कवरील शीर्षकांचे क्रमांक आणि भागांचे प्रसारणक्रम जुळतीलच असे नाही. प्रत्येक भागाची पहिली दोन मिनिटे पाहून त्यातील शीर्षकपाटी मेनूशी ताडून घेणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

क्रम निश्चित झाल्यावर तो लिहिण्याची जगभर रूढ झालेली पद्धत म्हणजे पर्वासाठी ‘एस’ आणि भागासाठी ‘ई’ ही रोमन अक्षरे, आणि प्रत्येकापुढे दोन अंक. म्हणजे पहिल्या पर्वाचा तिसरा भाग ‘एस०१ई०३’ असा. एकेरी अंकाआधीचे शून्य येथे महत्त्वाचे असते. अनेक उपकरणे नावे अक्षरानुसार लावतात, त्यामुळे शून्य नसेल तर १ नंतर १०, ११ आणि मग २ असा क्रम लागतो. शेकडो भाग चालणाऱ्या दैनंदिन मालिकांसाठी तीन किंवा चार अंकी क्रमांक सुरुवातीपासूनच धरावा. मुलाखती, पडद्यामागचे चित्रण यांसारख्या जोडभागांसाठी शून्यावे पर्व राखून ठेवण्याचा संकेत आहे.

नाटके आणि घरगुती चित्रणे

चित्रपटांची सूची जगात कोणीतरी ठेवलेली असते. नाटकांच्या चित्रणांना तो आधार फार थोडा मिळतो. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले आणि त्यावरील चित्रपट २०१५ साली आला. नाटकाच्या चित्रणाला केवळ शीर्षक दिले, तर सूची शोधणारा प्रोग्राम त्याला चित्रपटाचे भित्तिचित्र चिकटवण्याचा संभव आहे. शिवाय एकाच नाटकाचे प्रयोग वेगवेगळ्या संचांनी केलेले असल्यामुळे लेखनाच्या किंवा पहिल्या प्रयोगाच्या वर्षापेक्षा चित्रित झालेल्या प्रयोगाचे वर्ष आणि प्रमुख नट किंवा नाट्यसंस्था हा तपशील प्रत ओळखण्यास अधिक उपयोगी ठरतो. संगीत नाटकांची आणखी एक अडचण अशी, की ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत शारदा’ अशी सारी शीर्षके ‘स’ या अक्षराखाली एकत्र गोळा होतात. शीर्षक मोडून त्याची फेरमांडणी करण्यापेक्षा फाइलशेजारी त्याच नावाची ‘एनएफओ’ ही छोटी मजकूर-फाइल ठेवावी. कोडी आणि जेलीफिन ती वाचतात, आणि तिच्यात नाटककार, संच, प्रयोगाचे स्थळ यांबरोबरच यादीत कोणत्या अक्षराखाली लावायचे हेही स्वतंत्रपणे नोंदवता येते.

घरगुती चित्रणांना तर कोणतीच बाहेरची सूची नसते, त्यामुळे नावाचा भार येथे सर्वांत जास्त असतो. काही डीव्हीडी रेकॉर्डर वेगवेगळ्या दिवशी केलेली सर्व चित्रणे ‘व्हीआर_मूव्ही.व्हीआरओ’ या एकाच फाइलमध्ये एकापुढे एक साठवतात. मुंज, वास्तुशांत आणि सहल हे सारे तिच्यात सलग येते, आणि म्हणून उतरवताना प्रसंगानुसार ती विभागणे आवश्यक असते. प्रत्येक तुकड्याचे नाव तारखेने सुरू करावे आणि तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे ‘२००४-११-२७ लग्न सीमांतपूजन’ अशी लिहावी, कारण या क्रमाने लिहिलेल्या तारखा अक्षरानुसार लावल्या तरी कालक्रमानेच लागतात. संगणकाने दाखवलेल्या फाइलच्या तारखेवर मात्र विसंबू नये. ती डिस्क तयार केल्याची किंवा चुकीच्या लावलेल्या घड्याळाची असू शकते. दिवस आठवत नसेल तर फक्त वर्ष लिहावे. अंदाजाने घातलेला दिवस पुढे पुरावा मानला जातो. चित्रणातील माणसांची नावे आणि नाती ज्यांना माहीत आहेत, त्यांच्याकडून ती याच वेळी विचारून एनएफओ फाइलमध्ये लिहून ठेवणे, हे या सर्व कामांतील सर्वांत निकडीचे काम होय.

देवनागरीतील बारकावे

मराठी शीर्षके देवनागरीत लिहिणे आज पूर्णपणे शक्य आहे आणि रोमन लिपीत एकाच शीर्षकाची तीन-चार वर्णलेखने होतात हे पाहता ते इष्टही आहे. मात्र त्यासाठी संगणक अक्षरे कशी साठवतो हे समजून घ्यावे लागते. युनिकोड या प्रमाणात देवनागरीच्या प्रत्येक घटकाला, म्हणजे व्यंजन, मात्रा आणि हलन्त यांना, वेगळा संकेत असतो आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत असा प्रत्येक संकेत तीन बाइट जागा घेतो. लिनक्समधील प्रचलित फाइलव्यवस्था नावाला २५५ बाइटची मर्यादा घालतात. रोमन लिपीत तेवढ्यात २५५ अक्षरे बसतात, देवनागरीत मात्र ८५ संकेत. शीर्षक, वर्ष, भाषा आणि संच इतके लिहिल्यावर ही मर्यादा फार दूर राहत नाही.

दुसरा बारकावा अधिक फसवा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो : एका प्रकारात ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त, ‘य’ आणि काना जोडले जातात, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह दिले जाते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण पहिल्यात चार आणि दुसऱ्यात पाच संकेत असल्यामुळे संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरू शकतात; एका रूपाने शोधल्यास दुसऱ्या रूपातील फाइल सापडेलच याची खात्री नसते, आणि एकाच फोल्डरमध्ये तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फायलीही राहू शकतात. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच गत आहे. म्हणून संपूर्ण संग्रहासाठी एकच कीबोर्ड आणि एकच टंकनपद्धत ठरवावी. वर्ष, भागक्रमांक आणि तारीख मात्र प्रत्यक्ष फाइलच्या नावात इंग्रजी अंकांत लिहावी, कारण प्रोग्राम तेच अंक खात्रीने ओळखतात आणि दोन्ही प्रकारचे अंक मिसळले तर क्रम बिघडतो.

विंडोजमध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, तिरप्या रेषा, उभी रेषा, दुहेरी अवतरणचिन्ह आणि कोनकंस ही चिन्हे नावात चालत नाहीत. संग्रह आज लिनक्सवर असला, तरी उद्या तो विंडोजच्या संगणकावर न्यावा लागेल हे धरून ती कोठेच वापरू नयेत. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ यातील उद्गारचिन्ह चालते. शीर्षकात प्रश्नचिन्ह असेल तर ते नावातून गाळून एनएफओमध्ये मूळ शीर्षक जसेच्या तसे ठेवावे.

नावात काय नसावे

चित्राची रुंदी-उंची, संकुचनाची पद्धत, ध्वनीचा प्रकार हे तपशील फाइल स्वतःच आपल्या अंतरंगात बाळगते आणि कोणताही चांगला प्लेअर ते दाखवतो. त्यांनी नाव भरून टाकण्याचे कारण नाही. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘चांगली प्रत’ हे शब्द तर पुढची प्रत येताच खोटे ठरतात. उपशीर्षकांची वेगळी फाइल असेल, तर तिचे नाव चित्रपटाच्या नावाशी तंतोतंत जुळवून शेवटी भाषेचा संकेत जोडावा. मराठीसाठी ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे आंतरराष्ट्रीय प्रमाणात ठरलेली आहेत. कोकणीला मात्र दोन अक्षरी संकेत नाही, तीन अक्षरी ‘के, ओ, के’ एवढाच आहे. आणि डीव्हीडीच्या रचनेत भाषेसाठी दोनच अक्षरांची जागा असल्यामुळे कोकणी चित्रपटाच्या डिस्कवर त्याच्या भाषेची नोंद नीट होऊच शकत नाही. अशा वेळी संग्राहकाने दिलेले नाव डिस्कवरील नोंदीपेक्षा अधिक अचूक ठरते.

ठरवलेले नियम एका पानात लिहून संग्रहाच्या मुख्य फोल्डरमध्येच ठेवावेत, म्हणजे घरातील दुसऱ्या कोणी पुढची डिस्क उतरवली तरी नावे त्याच वळणाची राहतील. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून त्याच फोल्डरमध्ये जोडावीत. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवरील माहिती रंगद्रव्याच्या थरात साठवलेली असते आणि उष्णतेने, प्रकाशाने तो थर हळूहळू निकामी होतो, त्यामुळे पुष्कळ डिस्क पुन्हा वाचण्याची संधी मिळणार नाही आणि उतरवलेली फाइल हीच मूळ प्रत ठरेल. तिच्यातील चित्र कितीही स्वच्छ असले, तरी ते कोणाचे, कधीचे आणि कोणत्या प्रयोगाचे हे सांगता आले नाही तर त्याचे दस्तऐवज म्हणून मोल उरत नाही. ते मोल टिकवण्यासाठी प्रत्येक डिस्कमागे लागणारी पाच मिनिटे उतरवण्याच्या कामाचाच भाग समजून आधी राखून ठेवावीत.